एक, दोन, चार

दीपंकर सर फळ्यावर षटकोन काढायचे आणि मागच्या बाकावरून आवाज यायचाच, "सर, हिकडनं मोजून बघा की." बाक रिकामा असायचा. नऊ वर्षं झाली, आवाज काही त्यांची पाठ सोडेना.

आवाज तेजस्वीचा. निपाणीच्या कॉलेजात सर केमिस्ट्री शिकवत, ती पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होती. सहा कार्बनचं कडं. त्याच्या कोपऱ्यांना जोडलेले गट: शेजारी-शेजारी दोन मिथाइल, एक कोपरा सोडून इथाइल. कोपऱ्यांना आकडे घालून नाव द्या. अक्षरांच्या क्रमात इथाइल आधी, म्हणून सरांनी तिथून मोजलं: एक, तीन, चार. तेजस्वीनं मिथाइलपासून मोजलं: एक, दोन, चार. लहान आकड्यांचं नाव खरं, असं ती उभी राहून म्हणाली. भर वर्गात पोरीनं चूक काढली, हे सरांना झोंबलं. सराव परीक्षेत तोच प्रश्न आला. त्यांनी लाल रेघ मारली आणि ती एका मार्कानं नापास झाली. घरच्यांना निमित्तच हवं होतं. कॉलेज सुटलं, मांडीवर बिड्या वळायचं सूप आलं.

वर्षभरातच पेपर काढताना सरांना स्वतःची चूक दिसली. ते गप्प बसले. भित्रेपणा, दुसरं काय?

त्यांची आई यल्लव्वा बिड्याच वळायची. तपासणारा तिच्या चांगल्या बिड्याही छाट म्हणून फेकून द्यायचा. त्या माणसाचा लहानग्या दीपंकरला भयंकर राग यायचा. हल्ली स्वप्नात तो माणूस वळला की तोंड सरांचंच असायचं.

निवृत्तीला आठ दिवस उरले, तेव्हा ते तिच्या दारात गेले. तेजस्वी पानं कापत होती.

"पोरी, तुझंच नाव बरोबर होतं."

"मला तवाच ठावं हुतं, सर." कात्री थांबली नाही. "छाट काढणारा घरी येऊन कवा कबूल करत न्हाय. तुम्ही आलासा. पर आणि कुणाला सांगितलासा?"

"कुणालाच नाही."

"मग वर्गात सांगा. माझं नाव घिऊन."

दुसऱ्या दिवशी सरांनी षटकोन काढला, आकडे घातले, आपली चूक सांगितली, तेजस्वीचं नाव घेतलं. मागून आवाज आला नाही. पुढच्या बाकावरची एक मुलगी मात्र उठली.

"सर, मग त्या आक्का आता काय करत्यात?"

"बिड्या वळते," सर म्हणाले. "माझ्यामुळं."