चुलीचे दगड अजून उभे आहेत

रविवारी डोंगरावर जायचं ठरलं होतं आणि अक्का गुरुवारीच गेली. क्रांती चौकात सिग्नलला माझी स्कूटी उभी होती, पायाशी पिशवीत भरताची वांगी होती. आदल्या दिवशी दवाखान्यातल्या खाटेवरून तिनंच फर्मावलेली, "बिया कमी असलेली बघून आण, नायतर आणूच नको" अशा तंबीसकट. फोन तिच्या मुलाचा, संदीपचा होता. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. सिग्नल सुटला, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या आणि मला हलता येईना. शेजारच्या रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, "क्या हुआ बाजी, गाडी बंद पड गई क्या?" मी त्या भल्या माणसावर अशी काही ओरडले की बाजूच्या चार गाड्यांवरची माणसं माझ्याकडे बघायला लागली. त्यानं निमूट उतरून माझी स्कूटी ढकलत कडेला लावून दिली. मी फुटपाथवर बसले, पिशवीतल्या वांग्यांकडे बघितलं आणि मला रडू आलं नाही, राग आला. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हा लेख गोड होणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, कौशल्या. ती गेल्यापासून एक शब्द माझ्या कानावर आदळतो आहे... समाधानी. दारावर आलेल्या पहिल्या शेजारणीपासून तेराव्याला जेवून हात पुसणाऱ्या शेवटच्या पाहुण्यापर्यंत प्रत्येक जण हेच म्हणाला. "फार समाधानी बाई होती हो, कधी कशाची मागणी नाही." संदीपनं फोनवर तिचा डोंगरावरचा फोटो लावला, हातात भाकरी, तोंडभर हसू, आणि खाली लिहिलं, 'छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोधणारी माझी आई'. त्यावर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मला तो फोन उचलून आपटावासा वाटला. शोधणारी म्हणे! तिचा आनंद काय कोपऱ्यात पडला होता, वाकून उचलला आणि झालं? आणि मागणी नाही? अरे, तिनं आयुष्यभर मागितलं. तुम्ही दिलं नाहीत, म्हणून ती उठून घ्यायला गेली. एवढा साधा फरक ज्यांना कळत नाही त्यांनी तिच्या फोटोला हार घालू नये.

आमचा बाप, म्हणजे आबा, मेंढरांमागं फिरणारा. सोयगावकडच्या डोंगराच्या कडेला आमचं घर, पण वर्षातले किती तरी महिने आम्ही मेंढरांबरोबर या शिवारातून त्या शिवारात. मी धाकटी, मला पुढं शहरात मामाकडं शाळेला ठेवलं. अक्काचं बालपण मात्र सगळं उघड्यावर गेलं. मुक्काम पडला की ती आणि आई तीन दगड शोधायच्या, चूल मांडायच्या. मुक्काम हलवायच्या सकाळी आबा ते तिन्ही दगड पालथे घालायचे, काळी झालेली बाजू मातीत. मग चुलीच्या जागेवर, माती अजून कोमट असताना, तळहात टेकवायचे आणि म्हणायचे, "लई दिलंस." ज्या जागी काटेकुटे, विंचू आणि गढूळ पाण्याशिवाय काही मिळालं नाही तिथंही हेच. मात्र दोन-चार दिवसांत त्याच जागी परत यायचं असेल, तर आबा दगडांना हात लावायचे नाहीत. दगड उभे राहिले म्हणजे त्या जागेशी अजून आपलं काही बाकी आहे, असा आमच्या घरातला नेम. इतर कुणाच्या घरात तो होता की नाही, मला ठाऊक नाही.

मग अक्काचं लग्न झालं आणि ती आली शहराच्या कडेला, सातारा परिसर म्हणतात त्या वस्तीत, दोन खोल्यांच्या घरात. दाजी वाळूजच्या एका कंपनीत, पाळीची नोकरी. सासू, सासरे, दोन दीर, येणारे-जाणारे. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. सगळं लहानपण आभाळाखाली गेलेल्या पोरीला त्या घरात कोंडल्यावर तिचं काय झालं असेल, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. तिनं दाजींना इतकंच सांगितलं होतं, रविवारी जरा बाहेर नेत जा. दाजी म्हणायचे, बघू. हे बघू किती तरी वर्षं चाललं. आणि एका रविवारी सकाळी सगळी मंडळी चहाची वाट बघत बसलेली असताना अक्कानं गॅसची टाकी बंद केली, भाकऱ्या फडक्यात बांधल्या, ठेच्याची डबी घेतली आणि दारात उभी राहून म्हणाली, "आजपासून रविवारी या घरात चूल पेटायची नाय. ज्याला जेवायचं त्यानं खंडोबाच्या मागच्या डोंगरावर यावं." आणि निघून गेली! सासूनं डोकं धरलं, दीर हसले, दाजी तापले. दुपारपर्यंत सगळे भुकेनं कासावीस होऊन एकेक करत डोंगराच्या वाटेला लागले. तुम्ही ज्याला साधं सुख म्हणता ना, तो संप होता. चांगला ठणठणीत संप, आणि तिनं तो मरेपर्यंत मोडला नाही.

त्या संपातली चैन मी पुष्कळ भोगली. तोवर माझी शहरातल्या शाळेत नोकरी लागली होती, रविवार माझाही रिकामा. हळूहळू सासू-सासरे गेले, दीर वेगळे झाले, दाजींचे गुडघे बोलायला लागले. मग दाजी खंडोबाच्या देवळाच्या पायऱ्यांवर वर्तमानपत्र घेऊन बसायचे आणि आम्ही दोघी वर. एका खडकाच्या आडोशाला तिनं तीन दगड मांडले होते. तिथं वांगी भाजायची, मुठीनं कांदा फोडायचा, किटलीतलं दही भाकरीवर ओतायचं. हिवाळ्यात कुणाच्या तरी रानातला हुरडा मिळवून आणायची आणि तळहातावर चोळून, फुंकर मारून पहिली मूठ माझ्या हातावर. बोरं गोळा करताना काट्यानं हात ओरबाडले की खूश व्हायची, जणू बोरं आता हक्काची झाली. "ऊन बघ कसं पडलंय," म्हणायची. "वारं बघ. लई दिलं बाई आज." मी चिडवायची, "अक्का, वाऱ्याचं काय कौतुक? घरी पंखा लाव." ती म्हणायची, "पंख्याला वास असतो व्हय?" खाली उतरताना मात्र दगड उभेच ठेवायची, कारण पुढच्या रविवारी यायचंच असायचं. दाजींच्या वाटचं भरीत डब्यात घालून न्यायची आणि देवळाच्या पायरीवर त्यांच्यापुढं असा डबा आपटायची, की संप अजून चालू आहे हे त्यांच्या ध्यानात राहावं.

एकदा मी तिला विचारलंच. माझ्या शाळेत कुणी तरी येऊन कृतज्ञतेवर व्याख्यान देऊन गेलं होतं; जे आहे त्यात सुख माना, वगैरे. मी अक्काला म्हटलं, "तू तेच करतेस ना गं? खरंच सुखी आहेस, की मानून घेतेस?" तिच्या हातातलं वांगं तिथंच थांबलं. इतकी भडकलेली मी तिला फार क्वचित पाहिली. "मानून घ्यायला मी काय येडी हाय?" ती म्हणाली. "मला शाळा पाहिजे होती, नाय दिली. खिडकी पाहिजे होती, नाय दिली. ते नाय दिलं ते नायच दिलं, त्याला मी कशाला गोड म्हणू? पण हे ऊन माजं हाय सुमे. हे मी हिसकून आणलंय. हिसकून आणलेलं खाताना चव लागते, माहितंय?" मग हातातलं वांगं जाळावरून काढलं आणि स्वतःच हसून म्हणाली, "वांगं करपलं तुज्यामुळं." करपलेलं वांगंही तिनं बोटं चाटत खाल्लं.

आता ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आहे ती. मागच्या वर्षभरात चढताना ती थांबायला लागली होती. पहिल्यांदा वाळलेल्या बाभळीच्या बुंध्यापाशी, मग मोठ्या सपाट खडकावर, मग वर निंबाखाली. थांबायची, कमरेवर हात ठेवायची आणि म्हणायची, "बघ गं, इथून कसं दिसतं." मी बघायची. तीही बघायची, बराच वेळ. मला वाटायचं, वयाबरोबर हिचं कौतुक वाढत चाललंय. घरात कुणी तिच्या तब्येतीचं काढलं की आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो, दर रविवारी डोंगर चढणाऱ्या बाईला काय होतंय! आणि ती मान डोलवायची. शेवटच्या रविवारी निंबाच्या पुढं वर चूल पेटवली, वांगी ठेवली आणि तिच्या कपाळावर एकदम घाम आला. "चल, खाली जाऊ," म्हणाली. वांगी तशीच राहिली, मी बाटलीतलं पाणी निखाऱ्यांवर ओतलं आणि तिला धरून उतरवलं. देवळापाशी पोचल्यावर दाजींना म्हणाली, "आज वारं लई होतं, लवकर उतरलो." माझ्यासमोर! आणि मी काही बोलायच्या आत डोळे असे वटारले, की मी गप्प.

दोन दिवसांनी दवाखान्यात न्यावंच लागलं. डॉक्टर म्हणाले, हे आजचं नाही, यांचं हृदय बरेच महिने थकलेलं आहे, दम लागत असणार. मला एकदम बाभळीचा बुंधा आठवला. मी तणतणत आत गेले, तर ही खाटेवर बसून बाहेर बघते आहे. मला बघून म्हणाली, "नशीब बघ, खिडकीजवळची खाट मिळाली." मी म्हटलं, "अक्का, वाटेत थांबून बघ बघ म्हणायचीस, ते दम लागायचा म्हणून?" तिनं खिडकीची चौकट हातानं पुसली, तळहात तिच्यावर टेकवला. "बाहेर गुलमोहर हाय," म्हणाली. "शनिवारी सोडतेत मला. रविवारी भरताला वांगी आण. बिया कमी असलेली बघून." मी भांडायला तोंड उघडलं तेवढ्यात भेटीची वेळ संपली. माझा प्रश्न तिथंच राहिला. तो मला खातो. ती खोटं बोलली एवढ्याचा राग नाही. ते सगळं बघणं खोटं होतं का, हे मला कळायला हवं आहे. कारण ते खोटं असेल, तर हे समाधानीवाले जिंकले. मग तीही इतर बायांसारखी सोसत होती आणि वर हसत होती, आणि तिचा संप केव्हाच मोडला होता.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी तिच्या घरी गेले. संदीपच्या बायकोनं गॅस पेटवायला हात घातला, तर दाजी आतून म्हणाले, "नाय. आज रविवार हाय." मग स्वतःच लाजल्यासारखं खाली बघत राहिले. मी फडक्यात भाकऱ्या बांधल्या, दाजींना देवळाच्या पायरीवर बसवलं आणि एकटी वर चढले. बाभळीच्या बुंध्यापाशी थांबले, कमरेवर हात ठेवले आणि बघितलं. समोर एका नव्या इमारतीची मागची भिंत, प्लास्टरही नसलेली, आणि पाण्याच्या टाक्या. दुसरं काही नाही. इथं ती मला बघ म्हणायची आणि मी मूर्खासारखी बघायची! मी तिथं उभी राहून तिला मोठ्यानं शिव्या दिल्या. एक पोरगं शेळ्या घेऊन चाललं होतं, ते लांबून वळसा घालून गेलं. पुढं सपाट खडकावर बसले. तिथून खाली देऊळ दिसत होतं आणि पायरीवर दाजी, वर्तमानपत्र मांडीवर, चेहरा डोंगराकडं. ते वाचत नव्हते. इतकी वर्षं ते वाचत नसत, वर बघत असत, हे मला माहीत नव्हतं, तिला होतं. आणि निंबाखाली पोचले तेव्हा वारा आला, वाळलेल्या गवताचा, शेणाचा, मोहोराचा वास घेऊन, आणि सगळं शहर उन्हात असं लांबवर पसरलेलं की मी भांडण विसरून बघतच राहिले. म्हणजे पहिलं थांबणं नुसता दम होता. पुढची दोन खरी होती. दम तिथंही लागत असणारच, पण बघणं खरं होतं... एवढं मला पुरे आहे, इतरांना काय म्हणायचं ते म्हणोत.

चूल होती तशीच होती. तीन दगड उभे, मध्ये ओली होऊन घट्ट बसलेली राख, वांगी कुणा जनावरानं नेलेली. मी काटक्या गोळा केल्या, पेटवल्या, भाकरी नुसती गरम करून ठेच्याशी खाल्ली. चव लागली, याचाही राग आला. जाळ विझला. आता दगड पालथे घालायचे, तळहात टेकवायचा आणि तिच्या वतीनं ते दोन शब्द म्हणायचे, एवढ्यासाठी मी आले होते. मी हात टेकवला. माती कोमट होती. शब्द ओठाशी आले आणि मला शाळा आठवली, खिडकी नसलेलं स्वयंपाकघर आठवलं, ते बघू बघू आठवलं, पिशवीत सुकून गेलेली वांगी आठवली. मी त्या जागेला म्हटलं, "कमी दिलंस." आबांच्या घरात असं कुणी कधी म्हटलं नसेल. मग डबा उचलला, दाजींच्या वाटची भाकरी त्यात घातली आणि खाली उतरले.

दगड मी उभेच ठेवले आहेत.