खोडता न येणारं गाव

आयटीतली पोरं नेऱ्यात भाड्यानं राहायला आली, तेव्हा मी प्लॉटच्या दलालीला सायबर कॅफेची जोड दिली. दोन हजार दहाच्या सुमारास माझ्याच एका भाडेकरूनं मला तो खेळ दाखवला. डोंगर पोखरून किल्ला बांधायचा आणि शत्रूपासून राखायचा. काय कुठं खणायचं ते चौकोनाचौकोनानं सांगावं लागे. म्हणून लोक अख्खी आखणी स्प्रेडशीटमध्ये भरून इंटरनेटवर, खेळणाऱ्यांच्या फोरमवर वाटत. फाइल उतरवून घेतली की तोच किल्ला कुणालाही आपल्या डोंगरात बसवता येई.

मीही एक आखणी टाकली. दिवाळीत आम्ही मातीचा किल्ला करायचो, तेव्हा दरवाजा समोरून दिसला की आळीतली पोरं हसायची. दरवाजा दोन बुरुजांच्या वळणात लपवायचा असतो. तसाच केला, आणि त्यावर पाण्याचं टाकं. शत्रू वळणात अडकला की पाणी सोडायचं. वर एकच ओळ लिहिली: ‘आखणी नेरे, तालुका मुळशी. आधी टाक्याची आतली भिंत बांधा, मगच पाणी भरा.’

आठवड्याभरात तोच किल्ला भाडेकरूच्या नावावर दिसला. ओळ गायब. खाली वाहवा.

त्याला कॅफेतच धरला. “माझी ओळ कुटं हाय?”

“काका, चिडता कशाला? तुम्हीच फुकट वाटलं होतं ना?”

“फुकट वाटलं, बेवारस न्हाई सोडलं!”

“अहो, पण नेरे कुणाला माहीत आहे? लोक विचारतील, हे काय म्हणून.”

“मग इचारू दे की!”

त्यानं गावाबरोबर भिंतीची सूचनाही उडवली होती. ज्यांनी ज्यांनी त्याची फाइल वापरली, त्यांच्या टाक्याचं पाणी आतच शिरलं आणि कोठारं बुडाली. शिव्या खाऊन तो परत आला.

“काका, काय चुकलं ते सांगा. दोघांची नावं टाकू.”

पहिल्या बोलीला मी आजवर प्लॉट दिलेला नाही. “अर्धं गाव इकत न्हाई मी.”

“एवढ्याशा खेळासाठी?”

“एवढासाच हाय, तर चोरलास कशाला?”

तो उठून गेला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत भिंतीची सूचना मी स्वतःच फोरमवर टाकली. बुडालेल्यांचा काय दोष? त्याची फाइल मात्र तशीच राहिली, त्याच्याच नावानं. अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

मग दुसरा किल्ला आखला. मधला लांब बोळ म्हणजे शिरोरेषा. तिच्याखाली न आणि र या आकारांची कोठारं, वर मात्रांच्या जागी दोन चौक्या. एक रेघ बुजवली तरी धान्याची वाट बंद. वर ओळ लिहिलीच नाही.

लोकांनी तो भराभर उतरवून घेतला. शेवटी एकानं विचारलंच, ही खोल्यांची कसली विचित्र ठेवण?

मी लिहिलं, आमच्या गावाचं नाव आहे. नको असेल तर खोडून बघा.