चॅटचं चित्र पट्टीवरून गेलं

मैत्रिणींनो, आज दुपारचीच गोष्ट. खुशी झाली, पण मी अजून सुन्न बसून आहे.

मले फोनवर ऐकू येत नाही, मोबाइलची अक्षरं दिसत नाहीत. म्हणून माझी नात रुचा पुण्याले शिकायला जाताना कंप्युटरवर चॅट टाकून गेली. हा कंप्युटर आमच्या ह्यांनी प्लांटमधून रिटायर झाल्यावर घेतला होता, त्यावर पत्तेच खेळत, असो.

आधी आम्ही रोज लिहायचो. मंग एक दिवस चॅटचं ते चित्रच स्क्रीनच्या खालच्या पट्टीवरून गेलं. मले वाटलं, पोरीनंच बंद केलं. मोठी झाली, म्हातारीशी काय बोलणार? जेवण जाईना, रडूही येईना.

आज समोरच्या क्वार्टरमधली कुंदा आली. कानाशी मोठ्यानं म्हणे, "काकू, रुचाचा मले फोन होता. तिच्याशी बोलत कावून नाही?"

"तीच नाही बोलून राहिली," मी म्हटलं.

कुंदानं स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाजवळचा बाण दाबला. चित्र तिथंच लपलेलं. "तुम्ही फुली दाबता ना, मंग ते इथं आत जाते. आता पट्टीवर पिन करू, मंग जाणार नाही."

मी बांगडीतली सेफ्टी पिन काढून तिच्यापुढं धरली.

"राहू द्या काकू, ही तुम्हाले साडीले लागन," कुंदा हसत म्हणाली.

उघडलं तर रुचाचे कितीतरी मेसेज. शेवटचा, "आजी, माझ्यावर रागावली का?"

मी अक्षरं शोधत लिहिलं, "नाही बाई."

बायांनो, तुम्ही ज्याच्यावर मनातल्या मनात रुसल्या, त्याले एकदा विचारलं का?