धोंड्याचा महिना आणि माझं मोजमाप

चहा आधी पिऊन घ्या. हा किस्सा ऐकता ऐकता घेतलेला चहा आजवर तिघांच्या नाकातून बाहेर आला आहे.

मी नेरच्या बाजारात मापारी. कापसाची गाडी काट्यावर चढायच्या आधीच ती किती भरेल, हे मी नुसतं बघून सांगायचो. आणि रोजचं रोज लिहून ठेवायची सवय. मोजण्यात चूक? आणि माझी? हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. लोक माल घरातच दाबून बसले. काटा रिकामा आणि मापारी त्याहून रिकामा. रिकाम्या मापाऱ्याला मोजायला काहीतरी लागतंच. तेवढ्यात आमच्या सुषमाला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी. लेकीला राळेगावकडच्या सासरहून आणायचं कधी, हा प्रश्न. उशीर झाला तर आडगावात धावपळ, म्हणजे तारीख पक्की हवी. नर्सबाईंनी ऑक्टोबरची अखेर सांगितली होती. मी म्हटलं, इंग्रजी महिन्यांचं काय खरं आहे? बायकोने मला एवढाच धागा दिला, की वसंत पंचमीला पोरगी बाजूला बसली होती. बस! माघापासून बोटांवर मोजत गेलो. फाल्गुन, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन, कार्तिक. नऊ महिने, वर नऊ दिवस. म्हणजे दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला. दिवाळी झाली की आणू लेकीला, घाई काय?

दसरा झाला. विहीणबाईंचे किराणा दुकानाच्या फोनवर निरोप सुरू झाले, की घेऊन जा, दिवस भरत आले. बायको मागे लागली. मी सगळ्यांना शांतपणे समजावत होतो, की पोट मोठं दिसतं कारण बाळ जावयावर गेलंय, उंच असणार.

शेवटी कोजागिरीच्या सकाळी बायकोने स्वतःच जीप ठरवली आणि मला तीत बसवलं. "सुषमीले घेऊनच या. नाही तं तिकडंच राहा."

मी निघालो, पण भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळून बगलेत मारलं. मी लेकीला आणायला थोडाच चाललो होतो? मी विहीणबाईंना पटवायला चाललो होतो.

तिथे गेल्या गेल्या बाजेवर कॅलेंडर पसरलं. व्याही, विहीणबाई, जावई, सगळे भोवती. सुषमा दाराची चौकट धरून उभी. मी एकेक महिना मोठ्याने मोजत गेलो. व्याही मान डोलावत होते. कार्तिकावर बोट ठेवून मी विजयाने वर बघितलं.

विहीणबाईंनी मला विचारलं, "इवाईबुवा, औंदा श्रावण किती होते?"

"किती म्हणजे? एकच."

"मंग जावयाले धोंड्याचे अनारसे कोणत्या महिन्यात चारले तुम्ही?"

माझं बोट कार्तिकावर चिकटलं. अधिक श्रावण! जावयाला मुद्दाम घरी बोलावून, पाटावर बसवून, तेहतीस अनारसे मी स्वतः मोजून ताटात ठेवले होते. अनारसे जावयाने खाल्ले आणि अख्खा महिना मी खाल्ला!

काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात सुषमा म्हणाली, "बाबा, तो हिशोब राहू द्या. माह्या पोटात पहाटेपासून दुखून राह्यलं."

गावात दुसरी गाडी नव्हती. एसटी येऊन गेलेली. पण दारात जीप उभी होती. कोण घेऊन आलं होतं? मी!

यवतमाळचा दवाखाना गाठायचा होता. मागे विहीणबाईंच्या मांडीवर सुषमाचं डोकं, पुढे मी कॅलेंडर छातीशी धरून. ड्रायव्हरने मला विचारलं, "काका, अजून किती टाइम हाय?"

मागून सुषमा कण्हता कण्हता म्हणाली, "त्यायले नको विचारू, दादा."

चंद्र वर यायच्या आत नात झाली. लेक सुखरूप, नात सुखरूप, आणि आवाज असा की सगळा बाजार जागा व्हावा. कोजागिरीचं दूध आम्ही दवाखान्याच्या ओसरीवर प्यायलो. माझी छाती फुगली होती. मी म्हटलं, माझा हिशोब चुकला नसता तर मी वाद घालायला आलो नसतो, आणि ऐन वेळी जीप दारात नसती.

"चुकला नसता," विहीणबाई म्हणाल्या, "तं पोरगी दसऱ्यालेच माहेरी असती."

तेव्हापासून वर्षात दोन वाढदिवस असलेली माझी नात जिल्ह्यात एकटीच. एक कोजागिरीला, खरा. दुसरा तुळशीच्या लग्नाच्या वेळी, "आबांचा अधिक वाढदिवस". त्या दिवशी अनारसे लागतात, आणि ते आबांनी स्वतः तळायचे, अशी तिची अट आहे. किती वर्षं माझे अनारसे तुपात विरघळत होते! गेल्या वर्षी मात्र एकही फसला नाही. असे जाळीदार झाले की बायकोनेसुद्धा दुसरा उचलला. मी ताट घेऊन ऐटीत विहीणबाईंसमोर उभा राहिलो.

त्यांनी एक चाखला. "जमले, इवाईबुवा," त्या म्हणाल्या. "फक्त मोजाचं काम दुसऱ्या कोणाले द्या."