क्लचप्लेटवरचा भुसा

गाडी मी हौसेने उघडली, हे आधीच सांगून टाकतो. गॅरेजमध्ये देता आली असती, शहापुरात गॅरेजं काय कमी आहेत? पण मोबाइलवर व्हिडिओ बघून मी आधी ब्रेकचे पॅड बदलले होते, मग रेडिएटर काढून परत बसवला होता, आणि माणसाला असं एकदोनदा जमलं की त्याच्या डोक्यात हवा जाते. क्लच घरीच बदलणार, असं मी आटगावच्या गोदामात, जिथे मी कामाला आहे तिथे, आणि येता-जाता चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्याला जोडून पुढचं वाक्यही तयार असायचं: बायकोने जाळला ना.

आमचं गाव शेणव्याच्या पुढे आणि तिचं माहेर धसईच्या बाजूला. अंतर म्हटलं तर फार नाही. पण एसटीने जायचं म्हणजे मुरबाडवरून फिरून, गाडी बदलून, अर्धा दिवस फाट्यावर उभं राहण्यातच जातो. तिची आई तिकडे एकटीच असते. न्हाणीत घसरून पडल्यापासून म्हातारीला स्वतःच्या डोक्यावर पाणी घेता येत नाही. म्हणून बायको गाडी शिकली. मीच शिकवली, आणि खरं बोलायचं तर माझ्यापेक्षा बरी चालवायला लागली. दर रविवारी सकाळी ती एकटी निघायची, आईला न्हाऊ घालायची, केस विंचरायची, आठवड्याची भाजी निवडून ठेवायची आणि उजेडात परत यायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कुणाची वाट न बघता ती कुठे जाऊन आली असेल तर ती या गाडीतूनच.

अशाच एका रविवारी परत येताना गावाजवळच्या चढावर गाडी अडली. इंजिन बोंबलत होतं आणि चाकं काही जोर घेत नव्हती. शेजाऱ्यांनी ढकलत दारापर्यंत आणली. करपल्याचा वास सुटला होता. माझा मोठा भाऊ शेजारीच राहतो, तोही ओटीवरून उतरून आला. एवढी माणसं जमलेली बघून मला चेव आला. बॉनेटला हातही न लावता मी निकाल दिला.

"क्लचवर पाय ठेवून झोपतेस काय गो?"

सगळे हसले. तीही हसली, ओशाळून. गाडीची किल्ली तिने देवाच्या फळीखालच्या खिळ्याला अडकवली आणि त्यानंतर तिला हात लावला नाही.

गावाला काय, विषयच हवा असतो. भाऊ तर येता-जाता तिला विचारायचा, काय, आज काय जाळलंस? पुढे एका हळदीला मी तिलाच बायकांत बसून सांगताना ऐकलं, की मीच जाळला बाई क्लच, आपल्याला कुठं जमतंय ते. बायका खो खो हसत होत्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट, चला, मान्य तरी करते, असंच वाटलं. आईकडे ती एसटीने जायला लागली, पण दर रविवार काही जमेना. म्हातारीने केस कापून टाकायचं ठरवलं, असं तिने एकदा भाकरी थापता थापता सांगितलं. मी हं म्हटलं.

मग सलग सुट्टी आली तशी मी अंगणात गाडी घेतली. बॅटरी काढली, एअर फिल्टर काढला, केबल सोडवल्या, पुढची चाकं उतरवून एक्सल ओढून बाहेर काढले. इंजिनखाली जॅक आणि त्यावर सागाची फळी दिली. गिअरबॉक्स उतरवायला दुसरं माणूस लागतं. भावाला हाक मारावी तर तो शिकवत बसणार. म्हणून तिलाच बोलावलं. मी गाडीखाली आडवा आणि ती चाकाच्या बाजूने वाकून, एका हातात टॉर्च घेऊन. शेवटचा बोल्ट निघाला, गिअरबॉक्स हलवत हलवत मागे घेतला आणि दोघांनी मिळून खाली अंथरलेल्या गोणपाटावर टेकवला.

त्याबरोबर आतून काळ्या धुळीचा लोट आला आणि माझ्या छातीवर काहीतरी सांडलं. बघतो तर पेंढ्याच्या काड्या, भाताचा भुसा, त्यात चारदोन अख्खे दाणे. क्लचप्लेट काढली तर ती घासून पार कागद झालेली, आणि तिच्यावर भुसा जळून भांड्याला खरपुडी धरावी तसा चिकटलेला. तिच्यामागची लोखंडी प्लेट तापून निळी पडली होती.

मला लगेच खळं आठवलं, चढावर गाडी अडली त्याच्या थोडं आधीचं. भात झोडून झालं होतं, पण पेंढ्यात अजून दाणा होता, आणि आभाळ भरून आलं होतं. मळणीचा ट्रॅक्टरवाला आज येतो, उद्या येतो करत होता. भाऊ डोक्याला हात लावून बसला, कारण त्याचंही भात तिथेच होतं. तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, ट्रॅक्टर कशाला, आपली गाडी आहे की. आणि दुपारभर मी त्या पेंढ्यावर गाडी फिरवली. पहिल्या गिअरमध्ये पुढे, रिव्हर्समध्ये मागे, चाकं घसरली की अर्धा क्लच दाबून रेस द्यायची. क्लचच्या खालचं पत्र्याचं झाकण केव्हाच पडून गेलं होतं, ते लावायचा आळस मीच केला होता. बायको पेंढा उलटत होती. ती मधेच जवळ येऊन म्हणाली होती, की करपल्याचा वास येतोय. मी तिला सांगितलं होतं, पेंढा तापलाय, तू बाजूला हो.

म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

तिने गोणपाटावरून एक दाणा उचलला. नखाने सोलून बघितला. मग म्हणाली, "भात हाय हे."

मी गाडीखालीच होतो. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, फक्त हात दिसत होता. तेव्हा खरं बोललो असतो तर निदान त्या दिवसापुरतं निभावलं असतं. पण माझ्या तोंडातून निघालं, "उंदरांनी आणलं असेल."

हो का, म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली. ती गेल्यावर कोंबड्या आल्या आणि ते दाणे टिपून गेल्या.

मग मी नवी प्लेट बसवायला घेतली. प्लेट बरोबर मधोमध बसली नाही तर गिअरबॉक्स परत चढत नाही. मी बांबूची खुंटी तासून ती मधोमध धरली होती, तरी दोनदा चुकलं. सगळं जोडून झाल्यावर केबल ताणायला तिलाच सीटवर बसवलं. दाब, सोड, दाब, सोड. शेवटी तीच म्हणाली, आता बरोबर पकडतोय. मी चालवून बघितलं, तिने सांगितलं होतं तिथेच पकडत होता. तोवर ती उतरून घरात गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपुढे बसली होती, तिथे जाऊन मी म्हटलं, "ते उंदीर नव्हते."

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

एवढंच. भांडली असती, दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मग मी ठरवलं, की ज्यांच्यासमोर तिला बोललो त्यांनाच खरं सांगायचं. आधी भावाकडे गेलो. सगळं सांगितलं, खळं, भुसा, निळी पडलेली प्लेट. तो ऐकून घेऊन हसला. म्हणे, अरे, पेंढ्यात फिरून गाडीला काय होतंय, बायकोला सांभाळून घेतोस, घे, चांगलं आहे. त्याचं भात त्या दिवशी वाचलं होतं. ते गाडीच्या जिवावर वाचलं, हे त्याला कुठून पटणार? टपरीवरही तेच झालं. मी जितकं रेटून सांगायला लागलो तितका मी सज्जन ठरत गेलो. खोटं बोललो तेव्हा एका वाक्यात पटलं होतं. आता खरं सांगून सांगून घसा बसला तरी कुणी घेईना, आणि वर माझं कौतुक. मला संताप आला, पण कुणावर काढणार?

रविवारी तिला घेऊन मी धसईला गेलो. किल्ली तिच्यापुढे धरली होती, तिने घेतली नाही. म्हातारीने केस खरोखरच कापले होते, मानेपर्यंत, वेडेवाकडे. बायकोने तिला न्हाऊ घातलं, आणि ती बाहेर ऊन खात बसली तेव्हा मी तिच्यापुढे बसून सांगितलं, की क्लच मी जाळला, तुमच्या लेकीचा त्यात काही दोष नाही. म्हातारीने माझ्याकडे बघितलं, मग लेकीकडे.

"बघ गो," ती तिला म्हणाली, "कसा नवरा मिळालाय तुला. तू जाळलंस, त्यांनी हातांनी नीट केलं, आन वर दोष पण सोताच्या अंगावर घेतात."

बायकोने मान हलवली आणि टॉवेल दोरीवर टाकला. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

परतताना ती माझ्या शेजारी बसली होती. वळणावर मी गिअर बदलला तेव्हा सहज खाली बघितलं. तिचा डावा पाय पायपुसणीवर दाबला गेला होता. मग मी लक्षच ठेवलं. प्रत्येक गिअरला तिचा पाय दाबत होता आणि सोडत होता, अगदी जिथे क्लच पकडतो तिथे हळू होऊन. तिला स्वतःला ते कळतही नसावं. चढाच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरलो आणि तिच्या बाजूचं दार उघडून म्हटलं, "तू घे. इथून तू ने."

ती समोर रस्त्याकडेच बघत होती.

"नको. नवा हाय तो. परत काय झालं तर लोक माझंच नाव घेतील. तुमी पण."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण माझ्या नाहीला आता काय किंमत होती? दार लावलं आणि परत येऊन बसलो. मी तिच्या पायाकडे बघतोय हे बहुतेक तिच्या लक्षात आलं. तिने चपला काढल्या, दोन्ही पाय सीटवर घेतले आणि मांडी घालून बसली. गाडी चढ झटक्यात चढून गेली. घर येईपर्यंत तिने पाय खाली सोडला नाही.