समुद्राची ओळ

साळवेकाका सकाळचं वर्तमानपत्र उघडण्याआधी बायबल मिटून कपाटात ठेवत. दोन्ही एका टेबलावर एकाच वेळी उघडी राहता कामा नयेत, असा त्यांचा दंडकच होता. एकदा मी त्यांच्याकडे चहा पिता पिता पेपर चाळत होतो आणि शेजारी बायबल जगाच्या अंताच्या, शेवटच्या पुस्तकावर उघडं होतं. काकांनी माझ्या हातातला पेपर हलकेच काढून घेतला. "देवधर, या दोघांची गाठ पडली की माणसाचं डोकं फिरतं," ते म्हणाले. "मग जो तो युद्धाच्या बातम्यांत यातले विनाशाचे घोडेस्वार शोधत बसतो."

बँकेने माझी कोलकात्याला बदली केली तेव्हा सॉल्ट लेकमधल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर 'साळवे' अशी पाटी दिसली आणि मी सामान सोडायच्या आधी तिथे जाऊन बसलो. मूळचे नगरकडचे हे ख्रिस्ती कुटुंब. काका नकाशे तयार करणाऱ्या सरकारी खात्यातून इथेच निवृत्त झालेले. काकूंची नजर जवळजवळ गेलेली, आणि इतकी वर्षं राहूनही चर्चमधलं बंगाली त्यांच्या डोक्यावरून जायचं. म्हणून काका दर रविवारी दुपारी त्यांना बायबलचं ते शेवटचं पुस्तक मराठीतून वाचून दाखवत, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मी घरी सत्यनारायण घालणारा माणूस. मला तिथे काय काम? पण परमुलखात मराठी कानावर पडतंय, वर थालीपीठ मिळतंय, म्हणून जायला लागलो आणि अडकलो.

जगाच्या अंताचं ते पुस्तक म्हणजे सात शिक्के, सात डोक्यांचं श्वापद, आकाशातून गळणारे तारे. मला वाटलं, भीतीच घालायची आहे. काका नकाशेवाल्याच्या शांतपणाने समजावत. "नकाशात विहीर निळ्या ठिपक्याने दाखवतात. म्हणून कुणी ठिपक्यात पोहरा सोडतं का? आधी चिन्हांची सूची वाचायची. आणि सूची त्याच नकाशाच्या कोपऱ्यातली. दुसऱ्याची लावलीत तर विहिरीचं देऊळ होईल." त्यांची सूची म्हणजे त्याच ग्रंथातली आधीची पानं. श्वापद म्हणजे माणसं गिळणारं साम्राज्य. त्याचा तो प्रसिद्ध आकडा, सहाशे सहासष्ट, म्हणजे ज्या सम्राटाचं नाव उघड घेणं जिवावर बेतलं असतं, त्याचं अक्षरांच्या किमतीत लपवलेलं नाव. "हे छळ सोसणाऱ्यांना लिहिलेलं पत्र आहे हो," ते सांगत. "घाबरवायला नाही, धीर द्यायला."

सेक्टर फाइव्हमध्ये नोकरी करणारा त्यांच्या चर्चमधला एक इंजिनिअर एकदा फोनवर कसलासा व्हिडिओ घेऊन आला. त्यात शेवटाची तारीख काढलेली होती. काकांनी तो शेवटपर्यंत पाहिला, फोन परत दिला आणि म्हणाले, "नकाशावर तारीख असते ती मोजणीची. पूर कधी येणार त्याची नसते." बिचारा चहा न घेताच गेला.

एका जागी मात्र ते दर वेळी थांबत. सिंह आला आहे असं ते पुस्तक लिहिणाऱ्या द्रष्ट्याला सांगतात, तो वळून बघतो, तर समोर सिंह नाहीच. वध झालेलं कोकरू उभं आहे, म्हणजे ख्रिस्त. "कानाने सिंह ऐकला, डोळ्यांनी कोकरू पाहिलं," काका म्हणत आणि तेवढा भाग पुन्हा वाचत. बाहेर रिक्षांचे भोंगे वाजत असायचे आणि माझ्या अंगावर काटा येई. असं मला माझ्या देवळातही कधी झालं नव्हतं.

एका रविवारी मला बाजारात ताजी पापलेटं मिळाली. आपल्या माणसांना ती किती दिवसांनी मिळतील म्हणून मोठ्या फुशारकीने वर घेऊन गेलो. काकूंना वासावरून कळलं. त्या भिंत चाचपत आत गेल्या आणि दार लावून घेतलं. काकांनी मला जिन्यात नेऊन सांगितलं. त्यांचा एकुलता एक मुलगा आनंद मालवाहू जहाजावर होता. वादळात पाण्यात पडला, सापडलाच नाही. तेव्हापासून त्या घरात नदीचा मासा चाले, समुद्राचा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे काकूच एकदा म्हणाल्या, "देवधरभाऊ, कब्रस्तानात सगळ्यांची माणसं आहेत. आमचं कुठंय, एवढंच मला कुणीतरी सांगावं."

मग काकूंच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि ते काकूंना ठाऊक होतं. अशाच एका रविवारी काकांचा घसा बसला, म्हणून त्यांनी पुस्तक माझ्याकडे दिलं. पलंगाशेजारी बसून मी वाचत गेलो. शेवटच्या न्यायाच्या प्रसंगात एक ओळ आली: समुद्र आपल्यातले मेलेले परत देतो, अशा अर्थाची. मी ती वाचली आणि काकूंनी मला हाताने थांबवलं.

"हे यात होतं?" त्यांनी विचारलं. "अहो, तुम्ही हे कधीच वाचलं नाहीत."

काका खाली बघत होते. इतकी वर्षं दर फेरीला त्यांनी तेवढीच ओळ गाळली होती, आणि इथे मी एका दमात वाचून मोकळा झालो होतो.

"हे पण चिन्हच का?" काकू म्हणाल्या. "का खरंच देईल?"

हो म्हणा, असं मी मनातल्या मनात काकांना विनवत होतो. मरणाऱ्या बाईला एक हो म्हणायला काय जातं?

"सुशीला, मला माहीत नाही," बसक्या आवाजात काका म्हणाले. "बाकी सगळीकडे या पुस्तकातल्या समुद्राचा अर्थ मला लावता येतो. इथे लावायला बसलो की आनंद दिसतो. ही ओळ जशीच्या तशी खरी असावी असं मला इतकं वाटतं, की माझा माझ्यावरच भरवसा राहत नाही. तुला खोटं सांगायचं नव्हतं, म्हणून वाचली नाही."

असा खरेपणा मी उभ्या जन्मात पाहिला नाही. मी तर खाली मान घालून रडत होतो. काकूंच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. त्यांनी चाचपून काकांचा हात धरला. "तुम्ही नुसतं वाचा," त्या म्हणाल्या. "अर्थ माझा मी बघते."

काकांनी पुस्तक घेतलं आणि घोगऱ्या आवाजात ती ओळ वाचली. काकूंनी पुन्हा वाचायला लावली. शेवटचे अकरा दिवस ते त्यांना रोज तेवढंच वाचून दाखवत होते. त्या गेल्या तेव्हा चेहऱ्यावर कसलंही भय नव्हतं.

माझी पुढे नागपूरला बदली झाली. काका तिथेच आहेत. परवा फोनवर धीर करून विचारलं, "काका, त्या ओळीचा अर्थ सापडला का?"

"शोधणं सोडलं, देवधर," ते म्हणाले. "आता वाट बघतो."