लांडग्याचा वाटा

बोक्यानं दूध लंपास केलं, तरी शेजारचे मामा काठी उचलायचे नाहीत. हात झटकून म्हणायचे, “जाऊ द्या, त्याचा वाटा व्हता.” देवळातून माझी नवी चप्पल गेली, तेव्हाही हेच ऐकवलं. देवळापासून हर्सूलच्या घरापर्यंत अनवाणी आलेल्या माणसाला तत्त्वज्ञान पचत नाही. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच.

त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. लांडगा आला तर आरडाओरडा करायचा, मागं धावायचं. पण कोकरू नेलंच, तर त्याला शिव्याशाप द्यायचे नाहीत. तो त्याचा वाटा.

त्यांचा एकुलता एक मुलगा फुलंब्रीच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला, तेव्हा भेटायला आलेल्यांसमोर मामांच्या तोंडून तेच निघालं. मामींनी ऐकलं. तेव्हापासून त्या ताट वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. “तुमच्या मामांना सांगा, गोळी घ्या म्हणावं,” हे मला सांगायच्या. मामा समोरच बसलेले असायचे.

मुलाला आफ्रिकेतले सिंह बघायचे होते. आमची तिकडची सहल ठरली तसं मामी म्हणाल्या, “मी बी येते. त्याचं राह्यलं.” मामाही मुकाट निघाले.

तिथं एका सकाळी गवतात सिंहीण दबा धरून बसली होती. मी झाकण न काढताच कॅमेरा रोखून धरला होता. तिनं विल्डबीस्ट नावाच्या शिंगाळ जनावरांच्या कळपातलं एक पिल्लू धरलं. कळप धुरळा उडवत पुढं गेला. पिल्लाची आई तेवढी मागं फिरली आणि नुसती उभी राहिली.

गाडीत मामी मामांकडं वळल्या.

“म्हणा की आता.”

मामांचे ओठ हलले. “नाय म्हणवत.”

चष्मा काढत म्हणाले, “तवा बी म्हणायचं नव्हतं गं. रडाया येईना. तोंडात तेवढंच व्हतं.”

मामींनी पदरानं त्यांचा चष्मा पुसून दिला. ड्रायव्हर गाडी वळवू लागला, तर मामांनी हातानं थांबवलं. “जरा थांब म्हणा. ती एकलीच हाय.”

परतल्यावर त्यांच्या ओट्यावर रोज मुलाच्या गोष्टी निघायच्या. दोघं रडायची, मधेच हसायचीही. त्याला एक वर्षही पुरतं झालं नाही, तोच मामा गेले.

आता संध्याकाळी मीच जाऊन बसतो. मामी मुलाची एखादी गोष्ट काढतात आणि मधेच अडतात.

“मग पुढं काय झालं?” मी विचारतो.

“पुढचं ते सांगायचे,” मामी म्हणतात.